वीजजोडणी ही मेहेरबानी नव्हे!

घरात विजेचा दिवा असणे ही एके काळी श्रीमंतीची खूण होती. आज ती माणसाच्या साध्या जगण्याची अट झाली आहे. मुलामुलींचा अभ्यास विजेवर, नळाला पाणी आणणारा पंप विजेवर, पिठाची गिरणी विजेवर आणि शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या मोबाईलवरून भरावयाचा तो मोबाईलही विजेवरच चालतो. ज्याच्या घरात वीज नाही त्याचे मूल शाळेत मागे पडते, ज्याचे मूल मागे पडते त्याची पिढी मागे पडते, आणि मागे पडलेल्या पिढीला मग हे लोक मुळातच मागासलेले आहेत असे ऐकविले जाते! म्हणून वीजजोडणीचा प्रश्न हा तारेचा व खांबाचा प्रश्न आहे असे समजू नका. तो हक्काचा प्रश्न आहे, आणि हक्काच्या प्रश्नावर गाफील राहणे आपल्याला परवडणारे नाही.

आपले जालना शहर पाहा. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी हे शहर साऱ्या महाराष्ट्रात ओळखले जाते. ज्या शहरात लोखंड वितळविण्यास पुरेल इतकी वीज येते, त्या शहरातील एकाही घराने अंधारात बसावे याला विजेची टंचाई हे कारण कोणालाही सांगता येणार नाही. कारण असलेच तर ते अटींचे असेल. आणि अटी या माणसांनी लिहिलेल्या असतात. त्या वाचता येतात, त्यांच्याबद्दल जाब विचारता येतो, आणि त्या अन्यायाच्या असतील तर बदलविताही येतात.

हा करार कोणाचा?

वीजजोडणीचा अर्ज म्हणजे करार होय. परंतु हा कसला करार आहे याचा कधी विचार केला आहे काय? बाजारात आपण भाजीचा भाव करतो. एका दुकानदाराचे पटले नाही तर दुसऱ्याकडे जातो. विजेच्या बाबतीत घरगुती ग्राहकाला दुसरे दुकान नाही. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, 2005 साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि जालन्यात घरोघरी वीज देण्याचे काम महावितरणकडे आले. कागद त्यांचा, अटी त्यांच्या, दर आयोगाने ठरविलेला. आपली फक्त सही. ज्या करारात एका पक्षाला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याला दोन स्वतंत्र माणसांचा करार कसे म्हणावे? दुर्बळ पक्षाने निरुपायाने मान्य केलेल्या अवाजवी अटी न्यायालये टिकू देणार नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नोकरीच्या करारासंबंधी सांगितले. तो निकाल नोकरीचा होता. परंतु त्यातला विचार छापील कागदावर सही करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कामाचा आहे.

म्हणूनच कायद्याने या करारातील मुख्य अटी स्वतः लिहून ठेविल्या आहेत. वीज कायदा 2003 याचे 43 वे कलम वाचा. आपल्या क्षेत्रातील कोणत्याही जागेच्या मालकाने अथवा ताबेदाराने अर्ज केला, तर अर्ज मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. नवी वाहिनी टाकावी लागत असेल तर मुदत वाढते. परंतु कर्तव्य नाहीसे होत नाही. कंपनीने कसूर केली तर दर दिवसाला 1,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. येथे कायद्याने "कर्तव्य" हा शब्द वापरला आहे, हे ध्यानात ठेवा. जे एकाचे कर्तव्य ते दुसऱ्याचा हक्क होय. हक्काची वस्तू घेताना मान खाली घालावयाची नसते!

आणखी एक शब्द पाहा. कलमात केवळ मालक म्हटलेले नाही. मालक अथवा ताबेदार असे म्हटले आहे. यात मोठा अर्थ भरलेला आहे. ज्यांच्या बापजाद्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा कधी लागलाच नाही, जे भाड्याच्या खोलीत राहतात, ज्यांचे घर वडिलांच्या मागे अजून कोणाच्याच नावावर चढलेले नाही, त्यांच्यासाठी हा शब्द आहे. घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. वीज ही जीवनाची मूलभूत सोय आहे, आणि अर्जदार त्या जागेत राहतो किंवा नाही एवढेच कंपनीने पाहावयाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2022 च्या निकालात सांगितले आहे. तेव्हा कोणी "मालकाची चिठ्ठी आणा" असे म्हणाले तर त्याला हा निकाल सांगा.

अंतराची अस्पृश्यता

काही सुशिक्षित मंडळी आपल्याला विचारतात की, विजेच्या कायद्यात जात कोठे आली? तार जात पाहत नाही! खरे आहे, तार जात पाहत नाही. परंतु तार अंतर पाहते, आणि या देशात अंतर जातीनेच ठरविले होते. 1910 चा विद्युत कायदा पाहा. कंपनीच्या मुख्य वाहिनीपासून 100 फुटांपलीकडे जी जोडतार टाकावी लागेल तिचा खर्च वीज मागणाऱ्याने सोसावा, अशी अट त्या कायद्याच्या परिशिष्टात होती. त्या काळी जालना निजामाच्या राज्यात होता. परंतु तोच कायदा पुढे स्वतंत्र भारतात 2003 पर्यंत चालला. आता विचार करा. मुख्य वाहिनी प्रथम कोठे गेली? बाजारपेठेत, कचेरीत, वाड्यांच्या आळीत. आणि आपली वस्ती कोठे होती? गावकुसाबाहेर. कायद्यात जातीचा एक शब्दही नव्हता. फुटांचा एक आकडा होता, आणि तो आकडा गावाबाहेर राहावयास भाग पाडलेल्यांवरच अधिक भारी पडला. जो अन्याय उघडपणे लिहिला जातो तो ओळखता येतो. जो फुटपट्टीने मोजला जातो तो ओळखण्यास अभ्यास लागतो.

आज हा प्रश्न संपला आहे काय? 2003 च्या कायद्याचे 46 वे कलम कंपनीला वाहिनी टाकण्यासाठी "वाजवी" झालेला खर्च वसूल करण्याचा अधिकार देते. परंतु तोही आयोगाच्या विनियमांच्या चौकटीत. ही चौकट किती महत्त्वाची आहे, हे महाराष्ट्रातच दिसून आले. नव्या ग्राहकांकडून जोडवाहिनीचा आकार घेण्याचा महावितरणचा प्रस्ताव महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 8 सप्टेंबर 2006 च्या आदेशात नाकारला. कारण सरळ होते. जाळे उभारण्याचा खर्च विजेच्या दरात धरला जातो आणि तो सर्व ग्राहक मिळून बिलातून भरतात. मग तोच खर्च नव्या माणसाकडून पुन्हा का घ्यावा? ज्याने केवळ स्वतःसाठी स्वतंत्र वाहिनी मागितली त्याची गोष्ट निराळी. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीचे अपील 2016 साली फेटाळले गेले.

वाचकहो, या दहा वर्षांचा हिशेब मनात करून पाहा. आयोगाने नको म्हटलेला आकार योग्य की अयोग्य, याचा शेवटचा निकाल लागण्यास दहा वर्षे गेली. कारखानदाराकडे वकील असतो, हिशेबनीस असतो, तो पावती जपून ठेवतो आणि परतावा मागतो. हातावर पोट असलेल्या माणसाकडे ती पावती दहा वर्षांनी सापडेल काय? म्हणून सांगतो, पैसा भरण्यापूर्वी विचारा: हा आकार आयोगाच्या कोणत्या आदेशाप्रमाणे आहे? कोटेशनमधील प्रत्येक रकमेपुढे तिचे कारण लिहिलेले असले पाहिजे. आणि भरलेल्या पैशाची पावती घरच्या दस्तऐवजांत, मुलांच्या दाखल्यांशेजारी ठेवा.

थकबाकीचे ओझे

दुसरी अट थकबाकीची. समजा, तुम्ही पै-पै जमवून जुन्या जालन्यात दोन खोल्यांचे घर घेतले. मीटर काढून नेलेले आहे. जोडणी मागण्यास गेलात तर सांगण्यात येते की, पूर्वीच्या मालकाची बाकी आधी भरा. हे न्याय्य आहे काय? ज्याने वीज जाळली तो निघून गेला, आणि ज्याने एक दिवाही लावला नाही त्याच्या हाती बिल आले!

परंतु रागाच्या भरात कायदा विसरून चालणार नाही. 19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले आहे की, नियमांत तशी तरतूद असेल तर जागेवरील जुनी थकबाकी भरण्याची अट नव्या मालकावर घालता येते. महाराष्ट्राच्या 2005 च्या पुरवठा संहितेत तशी तरतूद होती. मात्र वारसाचा अपवाद सोडून ही जबाबदारी सहा महिन्यांच्या बाकीपुरती मर्यादित केलेली होती. 2021 साली त्या संहितेची जागा नव्या संहितेने घेतली. यातून दोन गोष्टी शिका. पहिली, घर घेताना सातबारा अथवा मालमत्तापत्रक जितक्या काळजीने पाहता तितक्याच काळजीने शेवटचे वीजबिल पाहा, आणि बाकी निघाली तर ती किमतीतून वजा करून घ्या. दुसरी, बाकी मागितली तर ती किती महिन्यांची, कोणत्या नियमाखाली, याचे लेखी उत्तर मागा. तोंडी आकडा हा आकडाच नव्हे.

चालू ग्राहकालाही संरक्षण आहे. 56 व्या कलमाप्रमाणे 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्यावाचून बिलाच्या बाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिल चुकीचे आहे असे वाटत असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती "निषेधासह" भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि जी बाकी देय झाल्यापासून दोन वर्षे बिलात सतत दाखविलेली नाही, तिच्यासाठी वीज तोडण्याचा धाक घालता येत नाही. किती घरांना हे ठाऊक आहे? लाइनमन शिडी लावतो, आपण हात जोडतो, शेजारी पाहत राहतात. हात जोडण्यापूर्वी नोटीस मागावयास आपण केव्हा शिकणार?

अनामतीचीही तीच गोष्ट. 47 व्या कलमाखाली कंपनी सुरक्षा ठेव घेऊ शकते. परंतु ती ठेव तुमची आहे. तिच्यावर निदान बँक दराने व्याज मिळाले पाहिजे, आणि जोडणी बंद केल्यावर ती परत मिळाली पाहिजे, असे तेच कलम सांगते. आपल्या बिलावर अनामतीचा आकडा आहे की नाही, वर्षाचे व्याज जमा झाले की नाही, हे शिकल्यासवरल्या मुलीकडून तपासून घ्या. शिक्षणाचा उपयोग नोकरीच्या अर्जापुरताच नसतो.

सवलत आणि हक्क

बाबासाहेबांचे नाव आणि वीज यांचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजधोरण समितीसमोर बोलताना त्यांनी प्रश्न मांडला तो असा की, हिंदुस्थानला वीज कशासाठी हवी? दारिद्र्यातून सुटण्यासाठी उद्योग हवेत, आणि उद्योगांसाठी स्वस्त व भरपूर वीज हवी, हा त्यांचा विचार. 1947 साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी त्यांनी केली. म्हणजे वीज ही दानधर्माची वस्तू आहे असे त्यांनी कधी मानले नाही. देशाच्या अर्थव्यवस्थेत माणसाला उभे करणारे साधन म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले.

त्यांच्या नावाने महाराष्ट्रात 2021 साली जीवन प्रकाश योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना प्राधान्याने घरगुती जोडणी, 500 रुपये अनामत आणि तीही पाच हप्त्यांत, असे तिचे स्वरूप होते. 14 एप्रिल ते 6 डिसेंबर 2021 अशी तिची मुदत जाहीर झाली. अर्जदाराची पूर्वीची थकबाकी नसावी आणि जातीचा दाखला असावा, या तिच्या अटी. अशा योजनांचा लाभ जरूर घ्यावा. बौद्धांनी दाखल्याच्या बाबतीत बिचकू नये; 1990 च्या कायद्याने बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींना केंद्राच्या यादीत मान्यता मिळाली आहे. ही मान्यता 1956 नंतर 34 वर्षांनी मिळाली हे मात्र विसरू नका.

परंतु सवलत आणि हक्क यांतला फरक नीट समजून घ्या. सवलतीला मुदत असते. 43 व्या कलमाला मुदत नाही. सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो. 43 व्या कलमासाठी जात विचारलेली नाही. सवलत आली की पुढारी फोटो काढून घेतो. हक्क बजावला की कोणाचा फोटो येत नाही. "साहेबांना सांगून मीटर बसवून देतो," असे म्हणणारा कार्यकर्ता आपल्याच हक्काची वस्तू आपल्याला उसनी देत असतो, आणि निवडणुकीत तिचे व्याज मागतो. हा मिंधेपणा सोडा. जे कायद्याने मिळते ते वशिल्याने घेणे म्हणजे स्वतःच्या हाताने हक्काची भीक करणे होय.

आपल्या घरातील चूक

दुसऱ्यांना जाब विचारताना आपल्या वस्तीलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. अर्जाचे खेटे नकोत म्हणून तारेवर आकडा टाकणारे आहेत, आणि शेजाऱ्याच्या मीटरवरून तार ओढून दिव्यामागे पैसे मोजणारेही आहेत. पहिली गोष्ट 135 व्या कलमाखाली चोरी ठरते आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीत, मीटर ज्या जागेसाठी आहे तिच्याबाहेर वीज नेली म्हणून 126 व्या कलमाखाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय उघड्या तारेने जीव जातो तो निराळाच. पण याहून मोठे नुकसान असे की, आकडा टाकणाऱ्याला हक्काने बोलता येत नाही. त्याला पाहून साऱ्या वस्तीला चोर म्हणण्याची सोय होते. वापरलेल्या विजेचे योग्य बिल भरणे हे आपलेही कर्तव्य आहे. जो आपले कर्तव्य बजावतो त्याच्या आवाजाला वजन येते.

नवे संकट

आता एका नव्या गोष्टीकडे लक्ष द्या. 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांसंबंधी मार्गदर्शक आदेश दिले. बांधकाम पूर्णत्वाचा अथवा भोगवट्याचा दाखला पाहिल्यावरच इमारतीला वीज, पाणी, मलनिःसारण यांची जोडणी द्यावी, असा एक आदेश त्यांत आहे. निवासी भूखंडावर दुकाने बांधून नफा कमावणाऱ्यांना आळा घालण्यासाठी हे झाले, आणि तेवढ्यापुरते ते योग्यच आहे. परंतु ज्या जुन्या वस्तीत घरे पिढ्यान्पिढ्या उभी आहेत आणि असला दाखला कोणाच्या आजोबांनीही पाहिलेला नाही, तेथे हीच अट भिंत होऊन उभी राहिली तर? नियम बिल्डरासाठी लिहावा आणि तो झोपडीवर पडावा, हे या देशात पूर्वी घडलेले नाही काय?

त्याच न्यायालयाने 15 डिसेंबर 1995 च्या निकालात निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ सांगताना केवळ चार भिंती व छप्पर म्हटले नाही. पुरेसा उजेड, शुद्ध हवा व पाणी, वीज आणि स्वच्छता यांचा त्यात समावेश केला. तो खटलाही दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले गेले पाहिजेत, आणि ते वाचून दाखविण्याचे काम आपल्यातील वकिलांनी अंगावर घेतले पाहिजे. बांधकामाचा गुन्हा बांधणाऱ्याचा. अंधाराची शिक्षा त्यात राहणाऱ्या मुलाला का?

काय करावे?

अर्ज तोंडी करू नका. लेखी अथवा ऑनलाइन करा आणि पोच घ्या. पोच नसेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार? ओळखीचा पुरावा आणि मालकीचा अथवा ताब्याचा पुरावा जोडून अर्ज पूर्ण करा. कारण कायदा पूर्ण अर्जालाच अर्ज मानतो, आणि "कागद कमी आहे" हे विलंबाचे सर्वांत सोपे कारण असते. काय कमी आहे हे लेखी मागा. विद्युत ग्राहक हक्क नियम 2020 सालचे आहेत. 2024 च्या दुरुस्तीनंतर, जेथे नवी वाहिनी लागत नाही तेथे महानगरांत 3 दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत 7 दिवस आणि ग्रामीण भागात 15 दिवस अशी जोडणीची कमाल मुदत आहे. मुदत उलटली तर 42 व्या कलमाखालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तेथे न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. मंचाच्या निकालानंतर साठ दिवसांची मुदत असते, ती हुकवू नका.

आणि हे सारे एकट्याने करू नका. एका माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. एकाच गल्लीतील वीस अर्ज एकाच दिवशी पोचीसह दाखल झाले तर ते पडून राहत नाहीत. पुरवठा संहितेची मराठी प्रत आपल्या विहारात ठेवा. जमल्यावर एखाद्या शिकलेल्या तरुणाने किंवा तरुणीने एकेक कलम वाचून सांगावे, म्हाताऱ्यांनी आपली बिले घेऊन यावे.

बंधूभगिनींनो, ज्या समाजाला पाण्यासाठी लढावे लागले त्याला उजेडासाठी लढण्याची भीती वाटू नये. पाणी अडविणारे लोक समोर उभे होते. आजची अडवणूक छापील कागदात, बारीक अक्षरात, खिडकीमागे बसलेली असते. तिच्याशी लाठीने लढता येत नाही. तिच्याशी वाचून, लिहून आणि पोच घेऊन लढावे लागते. अर्ज लिहावयास घ्या, आणि त्यावर पहिला शब्द "विनंती" असला तरी मनात "हक्क" हाच शब्द असू द्या.